मॉडेलचा चौकोन आणि तुमचं शेत: बारीक हवामान अंदाज कसा वाचावा

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. दोन्ही वेधशाळांमधलं सरळ अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. हवामानाचं मॉडेल म्हणजे संगणकावर चालणारी आकडेमोड; ती जमिनीचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाला एकच आकडा देते. तेव्हाच्या जागतिक मॉडेलांचा एकेक चौकोन पस्तीस-चाळीस किलोमीटरचा असायचा. म्हणजे दोन्ही ठिकाणं एकाच चौकोनात सहज मावायची आणि दोघांना एकच आकडा मिळायचा.

आज चौकोन नऊ, सहा, तीन किलोमीटरवर आलेत. मग तसाच पाऊस पुन्हा आला, तर मॉडेल सांताक्रूझ आणि कुलाबा वेगवेगळे दाखवेल का? दाखवेल. पण बुडणारं कोणतं आणि कोरडं राहणारं कोणतं, हे बरोबर सांगेलच याची खात्री नाही. तो सगळा पाऊस वसईवर टाकेल, नाहीतर समुद्रात. ‘एका छोट्या पट्ट्यात भयंकर पाऊस होऊ शकतो’ हे सांगण्याची ताकद बारीक, म्हणजे लहान चौकोनाच्या, मॉडेलात आली आहे. ‘तो पट्टा नेमका हाच’ हे सांगण्याची ताकद मात्र त्याच वेगाने आलेली नाही. फोनवरचा नकाशा या दोन्ही गोष्टी सारख्याच ठाम रंगांत रंगवतो, आणि वाचणाऱ्याची फसगत होते ती इथे.

ज्याला फवारणी करायची आहे, स्लॅब टाकायचा आहे, पावसाळी ट्रेकला जायचं आहे किंवा अंगणात मांडव घालायचा आहे, आणि त्यासाठी जो फोनवर विंडीसारखं अ‍ॅप उघडून बसतो, त्याच्यासाठी हे लिहिलं आहे. हवामानशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही.

आधी मॉडेलचं नाव बघा

अ‍ॅप उघडल्यावर पाऊस बघण्याआधी हा अंदाज कोणत्या मॉडेलचा आहे ते शोधा. विंडीवर मॉडेल बदलण्याची सोय आहे. तिथे ‘ईसीएमडब्ल्यूएफ’ दिसतं ते युरोपियन केंद्राचं मॉडेल. त्याचा चौकोन २०१६ पासून ९ किलोमीटरचा आहे. ‘जीएफएस’ अमेरिकेचं. त्याचा मूळ चौकोन १३ किलोमीटरचा, पण फुकट मिळणारी आकडेवारी बहुतेक जण पाव अंशाच्या, म्हणजे आपल्याकडे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरच्या जाळीवर घेतात. त्यामुळे अनेक अ‍ॅपांत दिसणारं जीएफएस हे खऱ्या जीएफएसपेक्षाही ढोबळ असतं. ‘आयकॉन’ जर्मनीचं, १३ किलोमीटरचं.

आपल्याकडचं म्हणाल तर पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ तयार केली. मे २०२५ मध्ये ती हवामान विभागाकडे रोजच्या वापरासाठी आली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. आधीच्या जागतिक मॉडेलाचा १२ होता. पाषाणचा ‘अर्क’ हा महासंगणक या कामासाठी आहे, त्याचं भावंड ‘अरुणिका’ नोएडाला आहे. याशिवाय फक्त भारतीय प्रदेशापुरती चालणारी तीन-चार किलोमीटरची प्रादेशिक मॉडेलंही हवामान विभाग आणि नोएडाचं राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र चालवतात.

न्यू जर्सीतला भाऊ किंवा टेक्सासमधली भाची ‘आमच्याकडे दर तासाला नवा अंदाज येतो’ म्हणते ते खरं आहे. तिकडचं ‘एचआरआरआर’ हे मॉडेल ३ किलोमीटरचं आहे आणि दर तासाला नव्याने चालतं. पण ते अमेरिकेपुरतं. तिथल्या रडारांचं दाट जाळं त्याला सतत ताजी माहिती पुरवतं. त्याचा अनुभव सातारा-सांगलीला लावता येत नाही.

अ‍ॅपमध्ये मॉडेलचं नावच सापडत नसेल आणि वर ‘तुमच्या गल्लीचा अंदाज’ अशी जाहिरात असेल, तर माझ्या मते ते अ‍ॅप सहलीपुरतं ठेवावं, शेतीच्या किंवा बांधकामाच्या निर्णयासाठी नाही. एक साधी चाचणी करून बघा. नकाशावर गावाच्या एका टोकाला बोट ठेवा, मग दोन-दोन किलोमीटर सरकत जा. पाऊस ४.१, ४.३, ४.६ असा गुळगुळीत चढत गेला, तर तो अंदाज बारीक नाही. दोन लांबच्या बिंदूंमधली जागा गणिताने भरून काढलेली आहे, एवढंच.

नऊ किलोमीटरचं मॉडेल नऊ किलोमीटरचं बघत नाही

हे बहुतेक जाणत्या वापरणाऱ्यांनाही माहीत नसतं. चौकोन ९ किलोमीटरचा असला, तरी मॉडेल नीट पकडू शकतं अशी सर्वांत लहान गोष्ट त्याच्या सहा-सात पट मोठी असते. एखादी लाट, वाऱ्याचा झोत किंवा पावसाचा पट्टा आकडेमोडीत धडपणे उभा राहायला पाच-सात चौकोन लागतात. एका चौकोनात तो मावला तरी टिकत नाही. म्हणजे ९ किलोमीटरच्या मॉडेलाचं खरं डोळस अंतर सुमारे साठ किलोमीटर, पुणे ते लोणावळा एवढं. तीन किलोमीटरच्या मॉडेलाचं वीसेक किलोमीटर, म्हणजे साधारण कुलाबा ते सांताक्रूझ. अत्यंत बारीक म्हणवणारं मॉडेलही आत्ता कुठे त्या २००५ च्या प्रश्नापाशी पोचलं आहे.

मग चौकोनापेक्षा लहान गोष्टींचं काय? उन्हाळ्यातला एकटा गडगडाटी ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो आणि अर्ध्या-पाऊण तासात उगवून मावळतो. मोठ्या चौकोनाच्या मॉडेलाला तो दिसूच शकत नाही. म्हणून ते मॉडेल ‘या चौकोनात एवढी उष्णता आणि एवढं बाष्प असेल, तर सरासरी इतका पाऊस धरावा’ अशा ठोकताळ्याच्या सूत्राने त्याचा हिशोब करतं. तीन-चार किलोमीटरच्या खाली आलं की बरीच मॉडेलं हे सूत्र बंद करून ढगाला स्वतःहून उभं राहू देतात. मधला पट्टा, म्हणजे सुमारे चार ते दहा किलोमीटर, मोठा अवघड. तिथे ढग धड दिसतही नाही आणि सरासरीचं सूत्रही पुरतं लागू पडत नाही. आपण आपल्या भागासाठी पाहतो ती उत्तमोत्तम जागतिक मॉडेलं नेमकी या पट्ट्यात आहेत.

चौकोन सरळ एक किलोमीटरचा का करत नाहीत, असं वाटणं स्वाभाविक आहे. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. काम आठपट. नऊचं सव्वा दोन करायचं तर चौसष्ट पट. आणि एवढं करूनही सुरुवातीची माहिती ढोबळच राहते. समुद्रावर मोजणी विरळ, हवेत सोडलेल्या फुग्यांची निरीक्षणं दिवसातून दोनदा आणि तीही मुंबई, गोवा, नागपूर अशा थोड्याच ठिकाणांहून. उरलेला मोठा भार उपग्रहांवर.

बारीक मॉडेल पैसे वसूल करतं ते घाटात

सह्याद्री हा बारीक मॉडेलाचा सर्वांत मोठा फायदा. खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटर उंच, लोणावळा सहाशेच्या वर, आणि दोघांमध्ये सरळ रेषेत फार तर दहा-बारा किलोमीटर. पंचवीस किलोमीटरच्या जाळीला हा कडा दिसतच नाही. तिथे कोकणातून देशावर जाणारा एक लांबलचक गुळगुळीत उतार असतो. खरा कडा नसला की अरबी समुद्रावरून आलेला वारा झटक्यात वर उचलला जात नाही, आणि घाटमाथ्यावरचा पाऊस मॉडेलात कमी पडतो. जो पडतो तो पूर्वेकडे पसरतो. म्हणून ढोबळ मॉडेल लोणावळ्याला पाऊस कमी दाखवतं आणि तळेगाव-चाकणला उगाच जास्त.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वीसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत तो साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि खाली वाईत आणखी निम्म्याहून कमी होतो. हा उतार डोंगराने ठरवलेला आहे, आणि डोंगर जागचा हलत नाही. त्यामुळे डोंगर जितका खरा मांडाल, तितका अंदाज खरा होतो. इथे बारीक मॉडेलाला ढगाची नेमकी जागा ओळखावी लागत नाही. वारा किती, कोणत्या दिशेने आणि किती ओला, एवढं कळलं की बाकीचं काम सह्याद्रीच करतो.

म्हणून पावसाळ्यात घाटमाथ्यासाठी अंदाज बघताना पावसाच्या नकाशाआधी वाऱ्याचा नकाशा बघा. अ‍ॅपमध्ये उंची बदलून ८५० हेक्टोपास्कल निवडा. ही सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची हवा. कोकण किनाऱ्यावर तिथे पश्चिमेचा वारा ३० नॉटच्या (ताशी सुमारे ५५ किलोमीटरच्या) पुढे गेला आहे आणि असा तो दोन-तीन दिवस टिकणार आहे, असं दिसलं की ताम्हिणी, भीमाशंकर, महाबळेश्वर या पट्ट्यात जोराचा पाऊस धरून चालायला हरकत नाही. बंगालच्या उपसागरावरून ओडिशा-छत्तीसगडकडे कमी दाबाचं क्षेत्र सरकत असेल, तर हा वारा आणखी जोर धरतो. हे मोठं चित्र मॉडेलं चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी पकडतात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, तो असाच मोठ्या चित्रातून आलेला होता.

तरी एक गोम आहे. घाटात पाऊस किती, हे बारीक मॉडेल चांगलं सांगतं. दरड कुठे कोसळेल हे ते सांगत नाही. ट्रेकला निघताना ‘आमच्या किल्ल्यावर ८० मिलिमीटरच दाखवतंय, शेजारच्या खोऱ्यात २०० आहे’ असा हिशोब करू नका. दहा किलोमीटरची सरक ही मॉडेलाच्या हिशोबात चूक धरलीच जात नाही.

आणि हात टेकतं ते वळवात

एप्रिल-मे मधल्या, किंवा मान्सून परतताना सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या गडगडाटी पावसाचं गणित वेगळं. तिथे डोंगरासारखं जागचं काही नसतं. तापलेली जमीन, खालचं बाष्प, वरची थंड हवा, आणि कुठूनतरी मिळालेला छोटासा धक्का. तो धक्का शेजारच्या तालुक्यात आदल्या तासाला कोसळलेल्या पावसाच्या गार वाऱ्यानेही मिळतो. एवढी लहान गोष्ट सकाळच्या निरीक्षणांत नसतेच, मग मॉडेलाला ती कळणार कुठून?

इथे ढोबळ मॉडेलं दोन ठरावीक चुका करतात, आणि त्या माहीत असल्या की अर्धं काम होतं. पहिली चूक वेळेची. सरासरीच्या सूत्रावर चालणारी मॉडेलं जमीन तापली की लगेच, भर दुपारी बारा-एकलाच पाऊस सुरू करतात. खरा वळीव चार ते आठच्या दरम्यान येतो. तेव्हा अशा मॉडेलात दुपारी एकला पाऊस दिसला, तर मनातल्या मनात तो संध्याकाळकडे ढकला. दुसरी चूक पसरवण्याची. खरा पाऊस एका गावात ४० मिलिमीटर आणि चार गावं कोरडी असा पडतो. मॉडेल पाचही गावांत सात-आठ मिलिमीटर दाखवतं. बेरीज बरोबर, पण एकाही गावाला तो अंदाज लागू पडत नाही.

बारीक मॉडेल या दोन्ही चुका बऱ्याच सुधारतं. पाऊस संध्याकाळी आणतं, ठिपक्या-ठिपक्यांनी दाखवतं, ढगांची रांग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते तेही दाखवतं. चित्र अगदी रडारसारखं दिसतं, आणि धोका नेमका तिथे आहे. ठिपका खरा वाटतो. पण तो ठिपका ‘आज अशा प्रकारचा पाऊस होईल’ एवढंच सांगतो. तुमच्या वाडीवर उमटलेला लाल डाग प्रत्यक्षात तीस किलोमीटर दूर आणि दोन तास उशिरा पडला, तर ते मॉडेल उत्तम चाललं असं तज्ज्ञ म्हणतील. शिवाय बारीक मॉडेलं कधीकधी एखाद्या ठिकाणी अतिरेकी आकडा दाखवतात, १५०-२०० मिलिमीटरचा एकटा ठिपका. तो आकडा गावाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे धाडू नये, एवढी विनंती.

मग वाचायचं कसं? बिंदूवर बोट ठेवणं सोडा, वर्तुळ काढा. आपल्या गावाभोवती चाळीस-पन्नास किलोमीटरचं वर्तुळ कल्पून त्यात किती भागावर ठिपके आहेत ते बघा. एक-दोन असतील तर ‘तुरळक ठिकाणी’, निम्म्या वर्तुळात असतील तर ‘काही ठिकाणी’ किंवा ‘बऱ्याच ठिकाणी’. हवामान विभागाच्या पत्रकात हे शब्द येतात ते उगाच मोघम बोलण्यासाठी नाहीत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. लोक ‘वेधशाळेने पाऊस सांगितला आणि आमच्याकडे थेंब नाही’ म्हणतात तेव्हा चारपैकी तीन गावं कोरडी राहणं हाच तो अंदाज होता, हे कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

घड्याळ नीट लावा

मॉडेल जागतिक वेळेवर चालतं. त्याच्या आकडेमोडीच्या एका फेरीला रन म्हणतात. शून्य तासाचा रन म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, बारा तासांचा म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. आकडेमोड होऊन हातात येईपर्यंत काही तास जातात. युरोपियन मॉडेलाचा पहाटेचा रन आपल्याला दुपारी बाराच्या सुमारास दिसतो. सकाळी आठला तुम्ही ‘आजचा’ म्हणून बघता तो अंदाज काल रात्रीपर्यंतच्या माहितीवर उभा असतो. अ‍ॅपमध्ये ‘शेवटचा बदल’ किंवा रनची वेळ कुठेतरी बारीक अक्षरात असते; ती वाचायची सवय लावा.

आकडा कोणत्या कालावधीचा आहे तेही बघा. तक्त्यात साडेपाचच्या रकान्यात ६ मिलिमीटर असेल, तर बहुतेक अ‍ॅपांत ती आधीच्या तीन तासांची बेरीज असते. दहा मिनिटांत कोसळलेला पाऊस आणि तीन तासांची रिमझिम दोन्ही तिथे सारखीच दिसतात. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो. म्हणून पेपरात आलेला आकडा आणि अ‍ॅपमधला तारखेवारचा आकडा जुळत नाहीत.

प्रादेशिक बारीक मॉडेलांची आणखी एक खोड अशी की सुरुवातीच्या तीन ते सहा तासांत त्यांचा पाऊस बसलेला नसतो. शून्यातून ढग घडवायला त्यांना वेळ लागतो. नव्या रनचे पहिले काही तास सोडून पुढचे बघा.

एकमत किती, आणि कुणाकुणाचं

एका मॉडेलाचा एक आकडा हा खरं तर अनेक शक्यतांपैकी एक. युरोपियन केंद्र सुरुवातीची माहिती थोडीथोडी बदलून तेच मॉडेल ५१ वेळा चालवतं. याला समूह अंदाज म्हणतात. काही संकेतस्थळांवर तो जाड-बारीक पट्ट्यांनी किंवा टक्केवारीने दाखवतात. ५१ पैकी ४५ जणांनी गुरुवारी पाऊस दिला तर तयारीला लागा. १२ जणांनी दिला आणि त्यातल्या तिघांनी शंभर मिलिमीटरच्या वर दिला, तर तो ‘कमी शक्यता, पण झाला तर मोठा’ असा मामला आहे. उघड्यावर कांदा पडलेला असेल तर याही अंदाजाला किंमत आहे. नुसतं फिरायला जायचं असेल तर नाही.

चार दिवसांच्या पुढे बारीक मॉडेलाचा एकटा नकाशा बघण्यात काही अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे समूहच बघावा. दहाव्या दिवशी तुमच्या तालुक्यावर दुपारी तीनला पाऊस दाखवणारा रकाना भरलेला असतो, कारण रकाना रिकामा ठेवायची सोय अ‍ॅपात नसते.

दोन मॉडेलं जुळली म्हणून खूश होण्याआधी ती खरोखर वेगळी आहेत का ते बघा. तीन किलोमीटरचं प्रादेशिक मॉडेल आपल्या चारही सीमांवरची हवा कुठल्यातरी जागतिक मॉडेलाकडून उसनी घेतं. ते जीएफएसवर पोसलेलं असेल आणि जीएफएसने कमी दाबाचं क्षेत्र दोनशे किलोमीटर चुकवलं असेल, तर बारीक मॉडेल तीच चूक अधिक सुबक करून दाखवेल. त्या दोघांचं एकमत हे एकाच माणसाने दोनदा मारलेली हाक समजावी. युरोपियन आणि जर्मन मॉडेल जुळली तर त्याला वजन जास्त.

त्याच मॉडेलाचे लागोपाठचे चार रनही बघा. कालपासून पाऊस दर रनला शुक्रवारवरून शनिवारकडे सरकत असेल, तर ती दिशाच तुम्हाला काही सांगते. एकदा पाऊस, एकदा कोरडं, पुन्हा पाऊस असं होत असेल, तर मॉडेलाला अजून कळलेलं नाही असं समजा आणि निर्णय पुढे ढकलता येतो का ते पाहा.

निफाडची एक फवारणी

समजा, निफाडला द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी होऊन गेली आहे, नोव्हेंबरात अवकाळीची चर्चा सुरू आहे आणि शनिवारी डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी फवारणी करायची आहे. औषध पानावर वाळायला कोरडे तास हवेत, वाराही पडलेला हवा.

मंगळवारी पावसाचा नकाशा उघडूच नका. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे का, तिथून बाष्प उत्तर महाराष्ट्राकडे येतंय का, एवढं वाऱ्याच्या नकाशावर बघा. समूहातल्या किती जणांनी शुक्रवार ते रविवार नाशिक जिल्ह्यात पाऊस दिला ते बघा. निम्म्याच्या आसपास असतील, तर औषध आणि ट्रॅक्टर तयार ठेवायचा, दिवस ठरवायचा नाही.

गुरुवारी युरोपियन, जर्मन आणि भारतीय मॉडेल शेजारी ठेवा. वर्तुळाची पद्धत वापरा: निफाड, सिन्नर, येवला, दिंडोरी मिळून काय दिसतंय? तिन्हींत शनिवारी दुपारनंतर पाऊस आणि सकाळ कोरडी असेल, तर बिंदूचे आकडे कितीही वेगळे असले तरी कामाची गोष्ट हाती आली.

शुक्रवारी दुपारनंतर बारीक मॉडेलाची पाळी. त्याला ‘माझ्या बागेवर पडेल का’ हे विचारू नका. ‘ढग एकटे-दुकटे आहेत की रांगेने? किती वाजता सुरू होतात? कुठून कुठे सरकतात?’ हे विचारा. ‘केप’ नावाचा नकाशा मिळाला तर हवेत किती दम साठलाय ते कळतं. आकडा हजार-दोन हजारांवर चढला असेल, तर गडगडाट आणि गारपिटीची शक्यता मनात धरा. गारेचा आकार आणि जागा मात्र कोणतंही मॉडेल सांगणार नाही. वाऱ्याच्या बाबतीत मॉडेलं पावसापेक्षा बरीच भरवशाची आहेत. पहाटे वारा पडलेला आणि दहानंतर वाढणारा, हे चित्र ती सहसा बरोबर देतात.

सगळं जुळलं तर उत्तर निघतं: शनिवारी उजाडताच सुरू करा, दहाच्या आत आटपा. ‘शनिवारी ६० टक्के पाऊस’ या नुसत्या आकड्यावर बसून हे उत्तर मिळालं नसतं.

निफाडचीच आणखी एक गोष्ट. थंडीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं किमान तापमान राज्यातल्या नीचांकी आकड्यांत सतत असतं. निरभ्र, शांत रात्री गार हवा खोलगट भागात साचते. नऊ किलोमीटरच्या चौकोनात हा खोलगटपणा सपाट होतो आणि मॉडेल दोन-चार अंश जास्त तापमान दाखवतं. बाग सखल भागात असेल, तर मॉडेलाच्या आकड्यातून स्वतःच्या अनुभवाचे अंश वजा करूनच शेकोट्यांचा निर्णय घ्या.

एआय मॉडेलांबद्दल थोडक्यात

फेब्रुवारी २०२५ पासून युरोपियन केंद्र एआयवर चालणारं मॉडेलही रोज चालवतं. गूगलची आहेत, चिनी कंपन्यांची आहेत. मोठं चित्र, वादळाचा मार्ग यांत ती आश्चर्य वाटावं इतकी चांगली आहेत आणि काही मिनिटांत चालतात. पण त्यांतल्या प्रमुख जागतिक मॉडेलांची जाळी पंचवीस-तीस किलोमीटरची आहे, आणि सरासरी चूक कमी करण्याच्या शिकवणीमुळे त्यांच्यातली काही टोकाचा पाऊस बोथट करतात. चार-पाच दिवसांपुढच्या दिशेसाठी जरूर बघा. खंबाटकी घाटात आज संध्याकाळी काय, यासाठी नको.

आपली वही

मॉडेल तुमच्या गावाशी कसं वागतं हे तुम्हीच शोधू शकता. साधं पर्जन्यमापक मोकळ्या जागेत लावा, रोज साडेआठला मोजा, शेजारी आदल्या दिवशीचा अंदाज लिहा. पडताळताना आकड्याला आकडा लावू नका. तीन रकाने पुरेत: पाऊस झाला का, अंदाज आसपास होता का, वेळ किती चुकली. वीस किलोमीटरवर पडला तर अंदाज चुकला असं लिहू नका. ‘सरकला’ असं लिहा. एका हंगामात कल दिसू लागतो. घाटाच्या पायथ्याचं गाव असेल तर मॉडेल कमी सांगतं, पर्जन्यछायेत असेल तर बारीक रिमझिम उगाच सांगतं, असं काहीतरी निघेल. पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आणि वाफसा हा कृषी विभागाचा निकष मोजलेल्या पावसाला लावायचा असतो, अंदाजातल्या बेरजेला नाही.

शेवटचे तीन तास

पाऊस तीन तासांवर आला की मॉडेल बंद करा आणि रडार उघडा. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर मुंबई, गोवा, सोलापूर, नागपूर इथल्या रडारांची चित्रं असतात आणि जिल्ह्यांसाठी तीन तासांचे इशारेही येतात. लागोपाठची तीन-चार चित्रं बघून ढग कुठून कुठे आणि किती वेगाने चाललाय ते ठरवा. तुमच्या गावापर्यंतचं अंतर भागिले वेग, एवढं गणित पुरतं. मात्र ढग वाटेत जन्मतात आणि मरतात, म्हणून हे गणित एका तासापुरतंच धरा.

रडारलाही मर्यादा आहेत. किरण सरळ जातो आणि पृथ्वी वळते, त्यामुळे दीडशे किलोमीटरवर सर्वांत खालचा किरणसुद्धा जमिनीपासून अडीच किलोमीटरहून उंच असतो. मुंबईच्या रडारला निफाडवरचा उंच गडगडाटी ढग दिसेल. खालच्या ढगातली भुरभुर दिसणार नाही. घाटमाथ्यावरचा पावसाळी पाऊस अनेकदा कमी उंचीच्या ढगांतून पडतो, तोही दूरच्या रडारला कमीच दिसतो. चित्र कोरडं आणि अंगावर पाऊस, असं झालं तर रडार बिघडलेलं नसतं.

विजेसाठी आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये असू द्या. आसपास वीज पडत असल्याचं ते सांगतं. तेव्हा शेतातून, झाडाखालून आणि गडाच्या माथ्यावरून निघायचं. आणि जिल्ह्याला लाल किंवा नारिंगी इशारा असताना तुमच्या आवडत्या मॉडेलाने निळं आकाश दाखवलं, तर इशारा पाळा. तो देणाऱ्या माणसासमोर सगळी मॉडेलं, रडार आणि उपग्रहाची चित्रं एकत्र असतात.